सहाशे किलोंच्या आतलं विमान

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ऑशकोश हे एरवी शांत गाव. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या विटमन विमानतळावर विमानांची अशी रीघ लागते, की तेवढ्या दिवसांपुरता तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला टॉवर ठरतो. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत स्थापन केलेल्या ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेची ही जत्रा. २०२४ मध्ये तिला ६ लाख ८६ हजारांच्या आसपास माणसं आली होती. स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे, एअरलाइनमधून निवृत्त झालेले, शेतातल्या गवताळ पट्टीवरून उडणारे, फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवणारे अशी सगळी मंडळी तिथे जमतात. कित्येक जण आपल्याच विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून आठवडाभर मुक्काम करतात. छोटं विमान विकू पाहणाऱ्या कंपन्या ते इथे आणून उभं करतात. इथली दाद त्यांना हवीच असते. पण दादेपाठोपाठ जे प्रश्न येतात ते फार नेमके असतात. गेल्या वीस वर्षांत कोणतं विमान तगेल आणि कोणतं गळपटेल, याचा अंदाज त्या प्रश्नांवरून बराचसा बांधता आला असता.

जुलै २००७ मध्ये याच जत्रेत सेस्ना कंपनीने आपल्या नव्या दोन आसनी विमानाची घोषणा केली. नाव ‘१६२ स्कायकॅचर’, पहिल्या एक हजार गिऱ्हाइकांसाठी किंमत १ लाख ९ हजार ५०० डॉलर. सेस्नाचं नाव घेतलं की अमेरिकी वैमानिकाला आपले शिकाऊ दिवस आठवतात. १५० आणि १५२ ही या कंपनीची दोन आसनी विमानं तीस हजारांहून जास्त बनली आणि वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यावर घडल्या. भारतातल्या फ्लाइंग क्लबांतही १५२ वर हात बसवलेले पुष्कळ आहेत. ही मालिका १९८५ मध्ये थांबली, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षं सेस्नाकडे शिकाऊ दोन आसनी विमानच नव्हतं. त्यामुळे स्कायकॅचर जाहीर झाल्यावर माणसं भारावून गेली, यात काही नवल नाही. मागण्यांचा आकडा बघता बघता एक हजाराच्या वर गेला.

विमानात आवडण्यासारखं होतंही बरंच. दोन्ही दारं वर उघडणारी. केबिनची रुंदी ४४ इंचांहून थोडी जास्त, म्हणजे जुन्या १५२ पेक्षा चारेक इंच अधिक. १५२ मध्ये दोन धिप्पाड माणसं बसली की खांद्याला खांदा घासायचा, हे ज्यांनी वर्षानुवर्षं सोसलं होतं त्यांनी आत बसून पाहिलं आणि समाधानाने माना डोलावल्या. समोर गोल काट्यांच्या घड्याळांऐवजी गार्मिनचा पडदा. सुकाणूची दांडी मात्र चमत्कारिक होती. ती जमिनीतून वर आलेली नव्हती, आणि मोटारीच्या स्टिअरिंगसारखं अर्धचक्रही नव्हतं. पॅनेलच्या खालून बाहेर आलेली ती दांडी पुढेमागे सरकायची आणि डावी-उजवीकडे कलायची. जुन्या लोकांनी ती दोन-चारदा हलवून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि पाच मिनिटांत सवय होईल असा निर्वाळाही दिला.

मग कुणी तरी विचारलं, रिकाम्या विमानाचं वजन किती?

हा प्रश्न कळायला २००४ सालच्या नियमाकडे जावं लागतं. त्या वर्षी सप्टेंबरपासून अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ नावाचा नवा वर्ग सुरू केला. आसनं जास्तीत जास्त दोन. इंजिन एकच, तेही पिस्टनचं. चाकं पोटात न घेतली जाणारी. सपाट उड्डाणात वेग १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटरपर्यंत. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाही तो वेग, ४५ नॉटपेक्षा जास्त नको. आणि माणसं, इंधन, सामान धरून उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन १,३२० पौंड, म्हणजे ६०० किलोंच्या आत. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना ६५० किलोंची सवलत.

या बंधनांच्या बदल्यात दोन मोठ्या सवलती मिळाल्या. पहिली कंपन्यांना. मोठ्या विमानाला सरकारी प्रमाणपत्र मिळवायला वर्षं आणि कोट्यवधी डॉलर जातात. इथे तो फेरा नव्हता. उद्योगातल्या लोकांनी एकत्र बसून एएसटीएम या संस्थेमार्फत मानकं ठरवायची, आणि आपलं विमान त्या मानकांत बसतं असं कंपनीने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. दुसरी सवलत वैमानिकांना. ‘स्पोर्ट पायलट’चा परवाना किमान २० तासांच्या शिक्षणावर मिळू लागला. खासगी वैमानिकाला त्याच्या दुप्पट, ४० तास लागतात. शिवाय डॉक्टरी दाखल्याऐवजी मोटार चालवण्याचा परवाना पुरेसा ठरला. दिवसा उडायचं आणि सोबत एकच माणूस न्यायचं, अशा अटी होत्या, पण साठी ओलांडलेल्या असंख्य वैमानिकांना त्यांचं काहीच वाटलं नाही. रक्तदाब, साखर, हृदयाची एखादी तक्रार यांपायी पुढच्या तपासणीत आपल्याला खाली बसवतील, ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर कायम असे. ती या नियमाने दूर झाली. नव्या विमानाभोवती गर्दी करणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसं एवढी का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. त्यांच्या दृष्टीने हे विमान म्हणजे आकाशात आणखी दहा-पंधरा वर्षं राहण्याची संधी होती, आणि म्हणूनच ती इतक्या बारकाईने चौकशी करत होती.

आता स्कायकॅचरचा हिशेब मांडून पाहू. रिकामं वजन सुमारे ३८० किलो. सहाशेतून ते वजा केलं की २२० किलो उरतात. शिकणारा आणि शिकवणारा दोघेही ८५-८५ किलोंचे धरले तर १७० किलो गेले. राहिले ५०. विमानाची टाकी साधारण ९१ लिटरची, आणि पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या किंचित खाली भरतं. म्हणजे भरलेली टाकी ६५ किलोंची. याचा अर्थ दोन मध्यम बांध्याची माणसं बसवली की टाकी भरता येत नाही, आणि मागे एक पिशवी टाकायची तर इंधन आणखी कमी करावं लागतं. अमेरिकेत शंभर किलोंचा माणूस काही विरळा नाही. असे दोघे बसले तर फक्त वीसेक किलो इंधन उरतं, आणि तेवढ्यावर शिकवणीचा तास घ्यायला शहाणा शिक्षक धजावत नाही. फ्लाइंग स्कूलवाल्यांनी हा हिशेब तिथल्या तिथे केला आणि त्यांचे चेहरे जरा उतरले.

यातलं बरंचसं वजन इंजिनात होतं, आणि इंजिनावरून तर हौशी मंडळींत सरळ दोन तट पडले. सेस्नाने चाचणीसाठी बांधलेल्या पहिल्या नमुन्यात ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ हे इंजिन होतं. विक्रीच्या विमानात मात्र अमेरिकी कॉन्टिनेन्टल ओ-२०० डी आलं. दोन्हींची ताकद १०० अश्वशक्ती. कॉन्टिनेन्टलचं कुळ जुनं, सेस्ना १५० मध्ये हेच घराणं होतं. ते सुमारे ९० किलोंचं, पूर्ण हवेने थंड होणारं, पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला. रोटॅक्सचं नुसतं इंजिन ६० किलोंच्या आसपास. रेडिएटर आणि तेलाची टाकी धरूनही ते हलकंच राहतं. ते फिरतं मात्र भन्नाट वेगाने, मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत. पंख्याला एवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये गिअरपेटी असते. सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होतात, बाकीचं अंग हवेने. मोटारीचं शिसेविरहित पेट्रोलही त्याला चालतं.

रोटॅक्सवाल्यांची एक खास रीत आहे. कॉन्टिनेन्टलचं तेल बघायचं तर झाकण उघडून पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची, बघायची. रोटॅक्सचं तेल वेगळ्या टाकीत असतं. इंजिन थांबलं की त्यातलं थोडं इंजिनाच्या तळाशी उतरून बसतं, आणि तशीच पट्टी बघितली तर तेल कमी असल्याचा भास होतो. म्हणून आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करायची, टाकीचं झाकण उघडायचं आणि पंखा हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश फिरवत राहायचं. आतल्या दाबाने तेल टाकीकडे ढकललं जातं आणि शेवटी टाकीतून ‘गुडूप गुडूप’ असा आवाज येतो. तो ऐकू आला की पट्टी बघायची. युरोपात हे करत करतच नवे वैमानिक लहानाचे मोठे झाले. कॅन्सासमधल्या एखाद्या खेड्यातल्या विमानतळावर तीस वर्षं कॉन्टिनेन्टल उघडून बसवणाऱ्या मेकॅनिकला मात्र हे नवखं होतं. बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार, सुटे भाग किती दिवसांत येणार, हा त्याचा सवाल रास्तच होता. सेस्नाने त्याच्या बाजूने कौल दिला. दुरुस्तीची सोय झाली, पण तिची किंमत वजनात मोजावी लागली, आणि ६०० किलोंच्या चौकटीत वजनाइतकं महाग दुसरं काहीच नसतं.

जुने लोक आणखी एक गोष्ट बोलून दाखवत. १५० मध्येही याच घराण्याचं इंजिन, तेही दोन आसनी, तेही सरळ स्वभावाचं. पण त्याचं कमाल वजन १,६०० पौंड, म्हणून स्पोर्ट पायलटला ते चालवायला बंदी. १९३० च्या दशकातलं पिवळं पायपर जे-३ कब मात्र वजनाच्या मर्यादेत बसत असल्याने चालत होतं. वापरलेलं १५० तेव्हा नव्या स्कायकॅचरच्या साधारण पाव किमतीत मिळायचं. ही बोच पुढे अठरा वर्षं राहिली.

नोव्हेंबर २००७ मध्ये सेस्नाने आणखी एक घोषणा केली. स्कायकॅचर चीनमध्ये, शेनयांग एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनच्या कारखान्यात बनणार आणि अमेरिकेत आणून पुन्हा जोडलं जाणार. लढाऊ विमानं बनवणारी ही चिनी कंपनी. सेस्नाचे तेव्हाचे प्रमुख जॅक पेल्टन यांनी स्पष्ट सांगितलं, की या किमतीत हे विमान अमेरिकेत बनवणं शक्य नाही. पण ज्यांच्या डोळ्यांसमोर सेस्नाचे विचिटा शहरातले कारखाने होते, ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे रिव्हेट मारले होते, त्यांना हे फार लागलं. काहींनी नोंदणी रद्द करण्याची भाषा केली. राग समजण्यासारखा होता. तरीही पुढे या विमानाचं जे झालं त्याचा दोष शेनयांगच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, कारण सगळ्यात गंभीर अडचण आली ती अमेरिकेतच, चाचणीच्या उड्डाणांत.

१८ सप्टेंबर २००८ ला कॅन्सासच्या आकाशात चाचणी वैमानिक स्कायकॅचरला मुद्दाम स्पिनमध्ये घालत होता. पंखावरून वाहणारी हवा पंखाचा वरचा पृष्ठभाग सोडते तेव्हा पंख स्टॉल होतो, त्याची उचल ढासळते. दोन्ही पंख सारखेच स्टॉल झाले तर विमान नाक खाली टाकतं आणि सावरतं. एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल झाला तर ते त्या बाजूला कोसळत, स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागतं. सावरण्याची रीत प्रत्येक शिकाऊ पाठ करतो: इंजिनाची शक्ती कमी, दांडी मध्यावर, पायाने उलटा रडर, मग दांडी पुढे. रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पात्यावरचा हलणारा भाग. त्या पात्याला पुरेशी स्वच्छ हवा मिळाली तरच त्याचा जोर चालतो. विमान आडवं होऊन गरगरायला लागलं तर शेपटी गढूळ हवेत सापडते आणि रडर दाबूनही काही होत नाही. त्या दिवशी नेमकं तसं झालं. विमानावर बसवलेलं मोठं पॅराशूटही उघडलं नाही. वैमानिकाने उडी मारली आणि स्वतःच्या पॅराशूटने जीव वाचवला. सेस्नाने शेपटीचं उभं पातं मोठं केलं. मार्च २००९ मध्ये सुधारलेल्या विमानाच्या चाचणीत पुन्हा स्पिन आवाक्याबाहेर गेला. या वेळी विमानाचं पॅराशूट उघडलं आणि वैमानिक सुखरूप उतरला.

दोन विमानं गेल्यावर बाहेरच्या जगात कुजबुज वाढली. पण अनुभवी चाचणी वैमानिकांचं मत वेगळं होतं, आणि ते नोंदवण्यासारखं आहे. सेस्ना करत होती त्या चाचण्या लाइट स्पोर्टच्या मानकांना लागत होत्या त्यांहून कितीतरी कडक होत्या. इंजिनाची शक्ती चढलेली, रडर एका बाजूला, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेवरचे हलणारे भाग) दुसऱ्या बाजूला, अशा वेड्यावाकड्या अवस्थांतून विमान सावरतं का, हे कंपनी स्वतःहून तपासत होती. शिकाऊ मुलगा एक दिवस नेमक्या तशाच अवस्थेत सापडणार, तेव्हा ही खबरदारी हवीच. विमानात पुन्हा बदल झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये पहिलं स्कायकॅचर गिऱ्हाइकाच्या हाती पडलं. हे पहिलं विमान खुद्द पेल्टन यांच्या पत्नीच्या नावे होतं.

किंमत मात्र थांबली नाही. २०११ च्या अखेरीस ती १ लाख ४९ हजार ९०० डॉलरवर गेली. ज्यांनी एक लाख दहा हजारांच्या आशेने नाव नोंदवलं होतं त्यांनी हात आखडता घेतला. २०१३ मध्ये कंपनीचे नवे प्रमुख स्कॉट अर्नेस्ट यांनी या विमानाला भविष्य नसल्याचं जाहीर केलं. १९२ विमानं विकली गेली होती. न विकलेली सुमारे ८० विमानं कारखान्यातच राहिली आणि २०१६ मध्ये ती भंगारात काढण्यात आली. गिऱ्हाइकाच्या हाती न पडताच मोडीत गेलेल्या नव्या कोऱ्या विमानांची ही बातमी ज्यांनी वाचली, त्यांतल्या कित्येकांना ती जिव्हारी लागली. ज्याने दहा वर्षं पैसे साठवून चाळीस वर्षांचं जुनं विमान घेतलेलं असतं, त्याला हे सहन होणं अवघड आहे.

याच काळात ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-१२ हे विमान मात्र हौशींनी उचलून धरलं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची ही कंपनी विमान तयार विकण्यापेक्षा सुट्या भागांची पेटी विकण्यासाठी ओळखली जाते. पत्रे आधीच भोकं पाडून आलेले, रिव्हेट हाताच्या यंत्राने ओढून बसवायचे, आणि पंख काही मिनिटांत काढून विमान ट्रेलरवर घरी न्यायचं. व्हॅनच्या आधीच्या विमानांचा वेग ज्यांना माहीत होता त्यांना १२० नॉटच्या आतलं आरव्ही मिळमिळीत वाटलं. पण त्यात रोटॅक्स होतं, रचना हलकी होती, वजनाचा हिशेब जुळत होता, आणि आपल्या हाताने बांधल्याने पैसेही वाचत होते. बाकी बऱ्याच कंपन्या आल्या आणि गेल्या. पायपरने चेक प्रजासत्ताकात बनलेलं एक विमान ‘पायपरस्पोर्ट’ या नावाने २०१० मध्ये आणलं आणि वर्षभरात तो करार गुंडाळला.

आयकॉन ए-५ ची गोष्ट याहून निराळी. एफ-१६ उडवलेले कर्क हॉकिन्स यांनी कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली आणि जून २००८ मध्ये पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं एक देखणं विमान लोकांपुढे ठेवलं. पंख दुमडून ट्रेलरवर बसणारं, आतून भारी मोटारीसारखं, पंखा माणसांच्या मागे. किंमत सांगितली १ लाख ३९ हजार डॉलर. जे कधी विमानात पुढच्या सीटवर बसले नव्हते अशी माणसंही ते पाहून हरखली. जुन्या वैमानिकांचा सूर सावध होता. हे पंख लावलेलं जेट-स्की आहे, असं त्यांच्यातले काही म्हणत, आणि त्यात हेटाळणीपेक्षा काळजी जास्त होती. पाण्यावर खेळायची सवय असलेला माणूस हवेतही तसाच खेळायला गेला तर काय, हा त्यांचा घोर होता.

अभियांत्रिकीच्या बाजूने आयकॉनने खरोखर मोठं काम केलं. पंखाच्या टोकांकडच्या भागाची पुढची कड थोडी खाली झुकवून त्यांनी असा पंख घडवला, की मुळाकडचा भाग स्टॉल झाला तरी टोकं हवा धरून ठेवतात आणि एलेरॉन चालू राहतात. नासाने १९७० आणि १९८० च्या दशकांत यावर बरंच संशोधन केलं होतं. विमान सहजासहजी स्पिनमध्येच जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. पॅनेलवर पंख हवेला कोणत्या कोनात भेटतो आहे हे दाखवणारं घड्याळ सगळ्यात ठळक जागी बसवलं. ते हिरव्यातून पिवळ्यात सरकलं की नवशिक्यालाही कळतं. पण हे सगळं करताना विमान जड झालं आणि ६५० किलोंची हद्द पुरेना. कंपनीने एफएएकडे सूट मागितली आणि जुलै २०१३ मध्ये ती मिळालीही. सुरक्षिततेसाठी दिलेली सवलत म्हणून अनेकांनी तिचं स्वागत केलं. ज्या कंपन्या एकेक किलो वाचवण्यासाठी रात्री जागवत होत्या त्यांना मात्र तो पंक्तिप्रपंच वाटला, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

२०१६ मध्ये गिऱ्हाइकांच्या हाती खरेदीचा करार पडला आणि वातावरण तापलं. चाळीसेक पानांच्या त्या करारात विमानाचं आयुष्य ३० वर्षांपुरतं बांधलेलं होतं. उड्डाण टिपणारी यंत्रं आणि कॅमेरे यांविषयी अटी होत्या. पुढे विमान विकायचं तर नव्या मालकावरही बंधनं होती. ज्या देशात १९४६ चं विमान आजोबांकडून नातवाकडे येतं, तिथे आपल्या पैशांनी घेतलेल्या विमानावर दुसऱ्याची एवढी सत्ता कोण मान्य करणार? विरोध इतका झाला की काही आठवड्यांत कंपनीला करार बदलावा लागला. हौशी लोकांच्या आवाजाने एवढा मोठा परिणाम झाल्याचं उदाहरण या क्षेत्रात दुसरं सापडायचं नाही. २०१७ मध्ये पूर्ण सजवलेल्या ए-५ ची किंमत ३ लाख ८९ हजार डॉलर झाली, तेव्हा ज्यांच्यासाठी हा वर्ग निर्माण झाला होता त्या मध्यमवर्गीय माणसाच्या हातून ते सुटलंच.

त्याच वर्षी ८ मे रोजी, ए-५ चं पहिलं उड्डाण ज्यांनी केलं होतं ते अभियंता-वैमानिक जॉन कार्काव बेरिएसा सरोवराजवळ आपल्या सहकाऱ्यासह अपघातात गेले. खूप खाली उडताना विमान चुकून एका अरुंद दरीत शिरलं आणि समोरचा चढ पार करायला जागाच उरली नाही. ७ नोव्हेंबरला बेसबॉलमधले नामांकित पिचर रॉय हॅलाडे मेक्सिकोच्या आखातात ए-५ चालवताना मृत्युमुखी पडले. हे विमान हाती येऊन त्यांना महिनाच झाला होता आणि त्यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं होतं. पाण्यालगत अगदी खालून केलेल्या तीव्र हालचाली तपासात पुढे आल्या. दोन्ही अपघातांत विमानाचा पंख दगा देऊन गेला नव्हता. स्पिन टाळणारा पंख असला तरी खालच्या उंचीवर चूक सुधारायला वेळ मिळत नाही, हे जुने वैमानिक पहिल्या दिवसापासून सांगत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयकॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

युरोपात मात्र हलक्या विमानाची परंपरा अमेरिकेच्या नियमाआधीपासून रुजलेली होती. स्लोव्हेनियातल्या आयडोव्हश्चिना गावची पिपिस्ट्रेल ही कंपनी त्यातली अव्वल. तिच्या ‘सायनस’ या विमानाचे पंख जवळपास १५ मीटर लांब आहेत, ग्लायडरच्या घाटणीचे. इंजिन बंद पडलं तरी ते बराच वेळ तरंगत राहतं. मुंबईच्या आरोही पंडित हिने मे २०१९ मध्ये याच जातीच्या ‘माही’ नावाच्या विमानातून, स्कॉटलंडमधल्या विकहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे कॅनडातल्या इक्वालुइटपर्यंत एकटीने जाऊन अटलांटिक ओलांडला. लाइट स्पोर्ट विमानातून असं करणारी ती पहिली स्त्री. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. रविवारी सकाळी तासभर फिरून यायचं विमान, एवढीच ज्यांची या वर्गाविषयी समजूत होती, त्यांना हिमनगांवरून गेलेल्या त्या प्रवासाने पुन्हा विचार करायला लावला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जेआरडी टाटांच्या १९३२ च्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाची आठवण म्हणून ती भुजहून जुहूला हलक्या विमानातूनच उतरली. भारताच्या संरक्षण मंत्रालयानेही २०१५ मध्ये वायुदल, नौदल आणि एनसीसीसाठी पिपिस्ट्रेलचीच १९४ ‘व्हायरस’ विमानं मागवली होती.

२०२२ मध्ये ही पिपिस्ट्रेल टेक्स्ट्रॉन समूहाने विकत घेतली. सेस्ना ज्या समूहाची, तोच हा टेक्स्ट्रॉन. स्कायकॅचर भंगारात काढणाऱ्या घरात सहा वर्षांनी युरोपातलं सगळ्यात नावाजलेलं हलकं विमान आलं.

नियमाचं म्हणाल तर ज्यांच्या डोक्यावर डॉक्टरी दाखल्याची टांगती तलवार होती त्यांची अडचण मे २०१७ मध्ये ‘बेसिकमेड’ नावाच्या सोप्या व्यवस्थेने बरीच हलकी केली. नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घेऊन ते आपलं जुनं चार आसनी विमान चालवू लागले. त्यामुळे नव्या दोन आसनी विमानाचं सगळ्यात हक्काचं गिऱ्हाईक कमी झालं. मग जुलै २०२५ मध्ये ऑशकोशच्या जत्रेतच ‘मोझॅइक’ या नव्या नियमाची घोषणा झाली. ६०० किलोंची मर्यादा रद्द. वजनाच्या जागी आता स्टॉलचा वेग हा मुख्य निकष. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागे खाली सोडल्या जाणाऱ्या झडपा, वर असताना ५९ नॉटपर्यंत स्टॉल होणारी विमानं स्पोर्ट पायलटला ऑक्टोबर २०२५ पासून चालवता येऊ लागली. आसनं चार असली तरी चालतील, प्रवासी मात्र एकच. यामागचा तर्क सरळ आहे: जमिनीवर आदळताना विमानात किती ऊर्जा असेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणून जे विमान सावकाश उतरू शकतं ते नवख्याला जास्त माफ करतं. वजनाच्या बंधनाने उलट झालं होतं. कंपन्या चाकांचे पाय, शेपटीचं पातं, सीटखालचा आधार यांतून किलो किलो काढत होत्या, आणि शिकाऊ विमानाला मजबुती नेमकी तिथेच लागते.

या घोषणेवर सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर सेस्ना १५० आणि चार आसनी १७२ च्या मालकांना. हँगरमध्ये उभं असलेलं त्यांचंच विमान एका रात्रीत स्पोर्ट पायलटला खुलं झालं. दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग २ सारख्या विमानांच्या चाहत्यांनाही बरं वाटलं. ते इतर देशांत ७०० किलोंपर्यंत उडत होतं आणि अमेरिकेत मात्र सहाशेवर अडवलं जात होतं. काळजीत पडले ते सहाशेच्या चौकटीसाठीच घडवलेली विमानं विकणारे छोटे कारखानदार. आता त्यांच्या लाख-दीड लाखाच्या विमानाची तुलना थेट चाळीस वर्षांच्या भक्कम १७२ शी होणार. नव्या निकषांवर विमानं प्रमाणित करण्याचा भाग जुलै २०२६ पासून लागू करण्याचं नियमात ठरलेलं आहे. त्यात उतारावेळी ६१ नॉटपर्यंत स्टॉल होणारी, दुमडती चाकं आणि कोन बदलणारा पंखा असलेली विमानंही बसतात. त्यावर बेतलेले नमुने घेऊन कंपन्या ऑशकोशला येतील तेव्हा कुंपणाशी उभे असलेले लोक रिकाम्या वजनाआधी किंमत विचारतील, कारण भरलेली टाकी आणि दोन माणसं यांचा प्रश्न आता कागदावर तरी सुटला आहे.